तपकिरी कळ्या

अरविंददादा गेल्याचं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून आलेल्या फोनवर कळलं. हृदयविकाराचा झटका, वय अवघं बेचाळीस. वाईट वाटेल म्हणून मी थोडी थांबले... वाटलं नाही. एश्बॉर्न गावातल्या माझ्या ऑफिसात बसून अर्धवट राहिलेली मेल पूर्ण केली.

दोन हजार चारमध्ये मी पुण्याहून पीएचडीसाठी ब्राउनश्वाइगला गेले, तेव्हा आमच्या संस्थेत अ‍ॅशच्या झाडांतला जाणकार म्हणजे तोच. जंगलातले अ‍ॅश नुकतेच शेंड्याकडून वाळू लागले होते आणि कुठल्या जातीचं काय होतंय, हे आम्ही बघत होतो. हिवाळ्यात पानं नसतात, तेव्हा फांदीच्या टोकाची कळी बघायची. साध्या अ‍ॅशची कोळशासारखी काळी, फुलांच्या अ‍ॅशची राखाडी, अरुंद पानांच्या अ‍ॅशची तपकिरी. हे त्यानेच शिकवलं, आणि छान शिकवलं, एवढं कबूल करते.

त्याच हिवाळ्यात, त्याने साधा अ‍ॅश म्हणून नोंदवलेल्या एका रांगेतल्या कळ्या मला तपकिरी दिसल्या. बैठकीत मी तसं म्हणाले. तो सगळ्यांदेखत हसला, नेहमीच्या जर्मन 'तर मग'ने सुरुवात करत. "आल्झो, हिला काळा आणि तपकिरी कळत नाही! आधी चष्मा लाव गं." मग तेच जर्मनमध्ये सांगितलं, म्हणजे सगळ्यांना हसता यावं. प्रोफेसरांनी मला झाडांच्या कामातून काढलं. उन्हाळ्यात माझा करार वाढला नाही आणि पीएचडी तिथेच सुटली.

त्याच्यामागे माधवीवहिनी एकट्या. त्यांनी गेल्या महिन्यात कागद आवरायला बोलावलं. एका खोक्यात वाळवलेली फांदी चिकटवलेला कागद निघाला, फांदी, त्याच रांगेतला. खाली त्याच्या अक्षरात: "अरुंद पानांचा अ‍ॅश. कळ्या तपकिरी." तारीख बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे तो परत जाऊन बघून आला होता. मी जाईपर्यंतचे सहा महिने त्याला माहीत होतं...

"काय गं, काय आहे ते?" वहिनींनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. "तू गेलीस तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते."

"वहिनी, जेवायचं होतं त्याने. फक्त एकदा बोलायचं होतं."

त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "घेऊन जा. मला हा घरात नको."

आता तो माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. कळ्यांचा रंग टिकलाय. दादाचं अक्षर मात्र फार सुंदर होतं.