शिवेवर कोण राहतं

"हा आपला मेंढपाळ," सर म्हणाले.

स्क्रीनवर वीस-बावीस चेहरे होते. टीममध्ये एक नवी मुलगी आली होती आणि तिला सगळ्यांची ओळख करून देणं चाललं होतं. माझी पाळी आली. सर पुढे म्हणाले, "आपल्या कोडमधल्या सगळ्या डिपेंडन्सी हाच हाकतो. घरचाच धंदा आहे त्याचा."

नेमकी तेव्हाच माझ्या मागे शेळी ओरडली. सरांनी तिच्याच आवाजात तिला उत्तर दिलं. सगळे हसले.

मीही हसलो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी फार शहाणा वाटेन.

सर म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख, पण सगळे त्यांना नावाने हाक मारत. अरे-तुरे चालायचं. मी एकटा सर म्हणायचो. कोणी तसं सांगितलं नव्हतं. तोंडातून निघायचंच ते.

कंपनी पुण्यात. मी घरून काम करायचो. घर म्हणजे सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पलीकडे, दोन गावांच्या शिवेवरची आमची धनगरांची वस्ती. अकरा घरं. दोन्ही गावांना आम्ही मतदानाच्या आधी आठवतो. रस्त्याचं विचारलं की हे गाव त्या गावाकडे बोट दाखवतं.

कंपनीचं काम विजेचं. आकाशातल्या विजेचं. वीज पडण्याआधी गावागावांत खांबावरचे भोंगे वाजवायचे. एका सरकारी खात्याने ते बसवले होते. भोंग्याच्या मागचं सगळं सॉफ्टवेअर रस्ट भाषेत लिहिलेलं. लाखो ओळी. त्यातल्या सगळ्याच आमच्या नव्हत्या. जगात कुणीतरी लिहून ठेवलेल्या शेकडो लायब्रऱ्यांवर आमचा कोड उभा होता. त्यांनाच डिपेंडन्सी म्हणतात. त्या सतत बदलतात. एक नवी घेतली की दुसरी अडून बसते, तिसरी मोडते. ती मोडतोड निस्तरणं माझं काम. चकचकीत काम दुसऱ्यांचं. झाडलोट माझी.

पण मला ते आवडायचं. रस्टचा कंपाइलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, कुणाचे लाड करत नाही. चूक दिसली की पुढे जाऊच देत नाही. तू कुठला, तुझं इंग्रजी कसं, मागे काय ओरडतंय, त्याला काही घेणंदेणं नाही. मला त्याचा फार आधार वाटायचा.

त्या मीटिंगनंतर मी बाहेर आलो आणि आबांवर राग काढला. आबा म्हणजे माझे वडील. शेळीचे कान तपासत बसले होते.

"आबा, दुपारी माझं बोलणं चालू असतं. तेवढा वेळ जित्राबं लांब न्या."

"काहून? तकलीफ होऊन राहिली का तुला?"

"लोक हसतात."

आबा उठून शेळी बांधायला गेले. दुसऱ्या दिवसापासून तीनच्या ठोक्याला शेळ्या-मेंढ्या घेऊन माळावर जायला लागले. तिथे सावलीला एक बाभूळ, बाकी उघडं रान. माझ्या मीटिंगा शांततेत व्हायला लागल्या. मला बरं वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

मे महिन्यात मी नकाशाची एक लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेली. एखादी जागा गावाच्या हद्दीच्या आत आहे की बाहेर, एवढंच ती सांगायची. आत असेल तर त्या गावाबरोबर तिथला भोंगा वाजणार. कोड बिनतक्रार कंपाइल झाला. मग आमच्या चाचण्या चालवल्या. शेकडो हिरव्या, म्हणजे पास झाल्या. एक लाल.

ती चाचणी कोणीतरी फार पूर्वी लिहिली होती. नेमकी हद्दीच्या रेषेवर असलेली जागा आत धरायची की बाहेर? जुनी लायब्ररी आत धरायची. नवी बाहेर धरत होती. म्हणजे दोन गावांच्या मधल्या रेषेवरची जागा या गावात नाही, त्या गावातही नाही. दोन्हीकडून बाहेर. कंपाइलरने हे पकडलं नाही. तो तरी काय करणार, उत्तर हो किंवा नाही असंच येत होतं. खरं काय ते त्याला कुठून कळावं.

मला कळायला हवं होतं.

नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खात्याला दाखवायची होती. मी मीटिंगमध्ये सांगितलं, एक चाचणी नापास होतेय, नीट बघायला दोन दिवस लागतील. सरांनी ती उघडली. वाचली.

"एक्झॅक्ट सीमेवर? अरे, सीमेवर कोण राहतं?"

मी ती लाल ओळ वर-खाली सरकवत राहिलो.

"सांग ना. तू तिकडचाच आहेस. राहतं का कोणी?"

बावीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो असतो की मी राहतो, तर पुन्हा तो शेळीचा आवाज आला असता. पुन्हा हशा. माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच आलं. आई आली नाही, आबा आले नाहीत, वस्ती आली नाही.

"कोणी नाही, सर," मी म्हणालो.

"मग इग्नोर टाक आणि पुढे चल."

रस्टमध्ये चाचणीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की ती चाचणी वगळली जाते. लाल जातं. का वगळली ते तिथेच लिहायची सोय आहे. मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण मराठीत ते असं: सीमेवर वस्ती नाही. वस्तीजवळच्या मोबाइल टॉवरच्या नेटवरून, आपल्या घरात बसून लिहिलं. कुठली ओळ कोणी कधी लिहिली त्याची नोंद कायम राहते. माझ्या नावाने ती आजही आहे.

आमच्या वस्तीचा भोंगा नेमका रेषेवर कसा गेला, तेही सांगतो. भोंगे बसवायला माणसं आली तेव्हा वस्तीला कागदावर जागाच सापडेना. ना या गावात, ना त्या. आबांनी त्यांना शिवेचा दगड दाखवला. दोन गावांची हद्द जिथे मिळते तो पुरलेला दगड. म्हणाले, "आमी दगडापाशी राहतो, तसंच लिवा." त्यांनी कागदावरचे त्या दगडाचे अक्षांश-रेखांशाचे आकडे जसेच्या तसे भोंग्याच्या नावापुढे टाकले. बरोबर रेषेवर. एक बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

हे मला माहीत होतं. भोंगा बसवला त्या दिवशी त्या माणसांना पाणी मीच दिलं होतं. पण इग्नोर लिहिताना ते आठवलं नाही. की आठवलं आणि मी ढकललं? हे मी स्वतःला अजून विचारतो. उत्तर दरवेळी वेगळं येतं.

खात्याने नवी आवृत्ती मंजूर केली, ती सगळ्या भोंग्यांवर चालू झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला, वीज पडली. मी मीटिंगमध्ये होतो. लखलखाट झाला आणि पाठोपाठ असा आवाज की लॅपटॉप थरथरला. भोंगा वाजला नव्हता. शेजारच्या दोन्ही गावांतले वाजले होते, लांबून पुसट ऐकू आले होते. मला वाटलं, आपलाही वाजेल आता. मी बसून राहिलो. कोणीतरी ओरडत आलं तेव्हा उठलो.

बाभळीखाली नऊ मेंढ्या पडल्या होत्या, एकमेकींना चिकटून. आबा थोडे लांब, चिखलात पालथे. श्वास होता. हिंगोलीच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. डावा पाय भाजला होता, तो भरून आला. उजव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं.

आबांना आभाळ वाचता येतं. मेंढ्या माना खाली घालून एकमेकींच्या पोटाखाली शिरायला लागल्या की ते कळप उताराला काढतात. जन्मभर तसंच केलं. त्या दिवशी नाही केलं. दवाखान्यात त्यांना विचारलं.

"दिसलं व्हतं रे मला," ते म्हणाले. "मेंढरं बी सांगून राहिली व्हती. पर तुहा भोंगा वाजला न्हाई. म्हनलं, पोराच्या मशीनीला आपल्यापरीस जास्ती कळतं. अजून येळ असंल."

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. रडू आलं नाही. स्वतःची किळस आली.

घरी आलो त्या दिवशी रखमाकाकू दारात बसलेल्या. आबांच्या चुलतभावाची बायको. भोंग्याच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते. रोज सकाळी खांबाला शिडी लावून त्या सोलरची प्लेट पदराने पुसतात. कोणी एवढं करायला सांगितलेलं नाही.

"लेकरा, माह्याकून काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. "पुण्याहून फोन आला व्हता. बॅटरी चार्ज व्हती का म्हून इचारत व्हते. मी प्लेट पुसली व्हती बाबा. देवाशप्पथ पुसली व्हती."

म्हणजे पुण्यात काय शिजत होतं ते मला कळलं. काकूंना मी म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही. कोणाचं चुकलं ते बोललो नाही. त्या मान हलवत गेल्या, पण त्यांची समजूत पटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. आधी आबांची चौकशी केली. खरं सांगायचं तर मनापासून केली. मग म्हणाले, "खात्याने अहवाल मागितलाय. तूच लिही, तुझ्या शब्दाला वजन येईल. स्थानिक पातळीवर बॅटरीची देखभाल झाली नव्हती, एवढंच."

"बॅटरी पूर्ण चार्ज होती. भोंग्याच्या लॉगमध्ये तशी नोंद आहे."

"लॉग कोण बघतंय? ती बाई काही कोर्टात जाणार नाहीये."

तरी मी "हो, सर" म्हणालो. सवय. फोन ठेवून फाइल उघडली. पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा. मग काकूंचं नाव लिहायची वेळ आली. पेटी सांभाळणारी व्यक्ती म्हणून रकाना होता. त्यात रखमा एवढं लिहिलं आणि बोटं थांबली. सीमेवर वस्ती नाही असं मी एकदा लिहिलं होतं. आता त्याच वस्तीतल्या बाईच्या डोक्यावर मी खापर फोडत होतो. म्हणजे भोंगा वाजवायला वस्ती नाही आणि दोष द्यायला आहे.

ते नाव खोडलं. त्या रकान्यात माझं लिहिलं.

खाली सगळं क्रमाने लिहिलं. लायब्ररी कोणती, चाचणी कोणती, वगळायला कोणी सांगितलं, वगळली कोणी. "कोणी नाही, सर" हे माझे शब्द जसेच्या तसे लिहिले. मग कोड उघडला. इग्नोरची ओळ काढली. रेषेवरची जागा दोन्ही गावांची धरायची, असा बदल केला. सात ओळींचं काम. दोन दिवस लागतील म्हणालो होतो, चाळीस मिनिटांत झालं. ती चाळीस मिनिटं मी मे महिन्यात का दिली नाहीत, हे मला मरेपर्यंत पुरेल. शिवेच्या दगडाची नवी चाचणी लिहिली. हिरवी झाली. आनंद वगैरे काही झाला नाही.

अहवाल सरांना पाठवला आणि त्याच वेळी खात्यालाही पाठवला.

दहा मिनिटांत फोन. "तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"तुम्ही विचारलं होतं, सीमेवर कोण राहतं. मी राहतो. माझा बाप राहतो. तेव्हा खोटं बोललो."

या वेळी त्यांना सर म्हणालो नाही. तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.

त्यांनी पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाले, "चौकशी संपेपर्यंत कोडला कोणी हात लावायचा नाही. तुझा बदल थांबवलाय."

तो अजून थांबलेलाच आहे. खात्याचं उत्तर आलेलं नाही. माझी नोकरी किती दिवसांची ते माहीत नाही. मी नकाशावर शोधून काढलं, आमच्यासारखे रेषेवरचे भोंगे जिल्ह्यात आणखी आहेत. तांडे, वस्त्या, पालं. बहुतेक ठिकाणी असाच कुठलातरी दगड दाखवलेला. पेटी सांभाळणाऱ्या एकेकीला फोन केला. भोंग्यावर विसंबू नका, आभाळ बघा, असं सांगितलं. आणि दरवेळी हेही सांगितलं की ही चूक माझी आहे. एका बाईने शिव्या दिल्या. ऐकून घेतल्या.

आबांना सगळं सांगितलं. डाव्या कानाशी बसून. त्यांनी माफ केलं का, माहीत नाही. एवढंच म्हणाले, "जित्राबं आता घरापाशीच बांधीन." मी हो म्हणालो.

परवा मीटिंग चालू असताना उत्तरेकडून काळं आलं. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली शिरत होत्या. शेळी ओरडली. माइक चालूच होता. आता तो मी बंद करत नाही. मी उठलो, चुलीपाशी जाऊन परात आणि पळी घेतली.

"कुठे चाललास? रिव्ह्यू चालू आहे," ते म्हणाले.

"भोंगा वाजवायला. तुम्ही तो बदल घेईपर्यंत रोज जाणार. अहवालातली एक ओळही मागे घेणार नाही."

कोणी हसलं नाही. हसले असते तरी मी थांबलो नसतो. परात बडवत मी शिवेच्या दगडाकडे निघालो. माळावरची माणसं उताराला पळायला लागली. सगळ्यात पुढे रखमाकाकू, दोन्ही हातांत एकेक कोकरू.