सतरावं नाव

जी कंपनी बंद पडून जमाना झाला तिची काळजी रोज जेवताना वाहणारा माणूस साऱ्या सिंगापुरात एकच असेल, आणि माझ्या ताईने नेमकं त्याच्याशी लग्न केलं. भावोजी मूळचे पुण्याचे. नोकरी इथल्या एका बँकेच्या आयटीत, घर तोआ पायोहला अकराव्या मजल्यावर. मनाने मात्र ते जपानातल्या एका लहानशा बंदरगावी राहतात. तिथे कधीकाळी पाचसहा जणांनी नाणं टाकून चालणारी खेळांची यंत्रं दुरुस्त करता करता स्वतःच व्हिडिओ गेम बनवायला घेतले. पुढे ते इतरांचेही गेम बाजारात आणू लागले, खूप मोठे झाले, आणि एक दिवस त्यांच्याहून मोठ्या कंपनीच्या पोटात गडप झाले. भावोजी तिला 'आमची कंपनी' म्हणतात. त्यामुळे आमची आई कित्येक वर्षं जावई जपानी कंपनीत असल्याचं नातेवाइकांत सांगत होती.

या कंपनीचा इतिहास ते पंधरा वर्षं लिहीत होते. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्या कागदांना दिलेला होता, त्यामुळे त्यांच्याकडे जेवायला गेलं की एका हाताने पोळी मोडायची आणि दुसऱ्याने कंपनीचा उत्कर्षकाळ पंख्याखाली उडू नये म्हणून दाबून धरायचा. ते इतिहास लिहितात एवढंच ऐकून इथल्या मराठी मंडळींनी एकदा त्यांना व्याख्यानाला बोलावलं. लोक किल्ल्यांच्या अपेक्षेने आले होते. भावोजींच्या भाषणात फितुरी होती, वेढा होता, ऐन वेळी फुटून गेलेले शिलेदारही होते; फक्त ते सगळे प्रोग्रामर होते. पाऊण तासाने आभार मानले गेले तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा खरोखर डोळे पुसत होते.

इतकं असून हा माणूस गेम खेळत नाही. शनिवारी दुपारी जेवणं झाली की ते आपलं जुनं यंत्र टीव्हीला जोडतात, कंपनीच्या एका गेममधल्या छोट्या नावाड्याला दुसऱ्या टप्प्यावरच्या दीपगृहापाशी नेऊन उभं करतात आणि हातातला कंट्रोलर खाली ठेवतात. मागे समुद्र, आणि समुद्रावरून सावकाश सरकणारे ढग. ते ढग बघत बसायचं, बस. त्यांची लेक जाता जाता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "पप्पा, दॅट कंपनी डाय ऑलरेडी ला." ते नुसते हसतात. मीही एकदा त्यांच्याशेजारी बसलो. समोरच्या ब्लॉकचे बांबूंवर वाळत घातलेले कपडे खिडकीतून हलताना दिसत होते आणि टीव्हीत ढग चालले होते. थोड्या वेळाने कुठलं आत आणि कुठलं बाहेर हे कळेनासं झालं. उठलो तेव्हा चहा गार झाला होता आणि मला फार बरं वाटत होतं.

त्या काळी आपली माणसं दुसऱ्यांनी पळवू नयेत म्हणून कंपन्या गेमच्या शेवटी त्यांची खरी नावं देत नसत. माणसं टोपणनावं घेत. आमच्या कंपनीत अशी सतरा होती आणि भावोजींना त्या सतराही जणांना त्यांची नावं परत द्यायची होती. "बावीस वर्षं मी बँकेची सॉफ्टवेअर लिहितोय," ते मला एकदा म्हणाले, "माझं नाव कुठल्याही स्क्रीनवर आलेलं नाही. निदान यांचं तरी येऊ दे." त्यासाठी ते जपानी शिकले, म्हाताऱ्या प्रोग्रामरांना पत्रं लिहिली, सोबत ताईच्या हातचा चिवडा पाठवला. एका आजोबांनी कळवलं की अंगणातल्या पाखरांना तो अतिशय आवडला. तर अशी सोळा नावं मिळाली. सतरावं मिळेना, आणि ते मिळाल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही असा यांचा पण. टोपणनाव होतं 'ओली काडेपेटी'. ते दीपगृहामागचे ढग तिनेच काढले होते.

यंदा सोळाव्या गृहस्थांच्या ओळखीने तिचं पत्र आलं. भावोजींनी ते आधी जपानीत आणि मग मराठीत वाचून दाखवलं. आता आजी झालेल्या त्या बाईंनी लिहिलं होतं, 'माझं नाव कृपया छापू नका. नोकरी सोडली तेव्हा मी ते ढग तिथेच ठेवून आले, आणि कुणाला माहीत नाही हेच मला आवडतं. फक्त एवढं कळवा, ते अजून चालतात का?' खाली तिची सही होती, खऱ्या नावाची. पंधरा वर्षं ज्यासाठी घालवली ते नाव भावोजींच्या हातात होतं. टेबलावरून रोज भांडणारी माझी ताई हळूच म्हणाली, "मग, छापणार आहेस?" शेवटचं पान ओढून भावोजींनी सतराव्या ओळीत खऱ्या नावाच्या जागी 'ओली काडेपेटी' असंच लिहिलं. ते करताना त्यांना काय वाटलं असेल ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

खरं नाव त्यांनी आम्हालाही सांगितलेलं नाही. कागद छापखान्यात गेले, टेबल मोकळं झालं. आता तिथे दोन्ही हातांनी जेवता येतं, तरी माझा डावा हात सवयीने काहीतरी दाबून धरायला जातो आणि जरा चुकल्यासारखं होतं. त्या बाईंना काय उत्तर पाठवलंत, असं मी भावोजींना विचारलं.

"फार काही नाही," ते म्हणाले. "लिहिलं, चालतात. शनिवारीच पाहिले."