घाटाचं आणि भाजीचं पेडल

रविवारी पहाटे आमच्या खालच्या मजल्यावरच्या शुभाताई सायकलवरून घाटाकडे निघतात, तेव्हा मी गॅलरीत चहा घेत असतो. बुटाखालची पट्टी पेडलच्या खाचेत 'खट्' करून बसते आणि बाई सायकलशी सांधल्या जातात. संध्याकाळी त्याच सायकलवरून, साध्या चपला घालून, त्या भाजीला जातात.

गंमत त्या पेडलची आहे. त्याच्या एका बाजूला बूट अडकवायची खाच, दुसरी बाजू सपाट. शुभाताई खाली न बघता पायाच्या अंगठ्याने ते उलटतात, तव्यावरची भाकरी उलटावी तितक्या सहज. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला आपल्याकडे कुणी चांगलं म्हणत नाही. मला मात्र हे बघतच राहावंसं वाटतं.

परवा रविवारी संध्याकाळी न राहवून विचारलं, "ताई, घाटासाठी वेगळी सायकल का नाही घेत?"

त्या हसल्या. "दोन घेतल्या तर एक धूळ खात पडेल हो. आणि कुठली, ते कुठल्याही घरातल्या बाईला विचारा."

पेडल सपाट बाजूवर घेऊन त्या भाजीला निघाल्या. चाकांना घाटातली लाल माती तशीच होती.