गवळी सरांची टेप

गवळी सर कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत खिशातली टेप काढून खोली मोजत. गैरसमज नको म्हणून आधी सांगत, "माझं कामच हाय हे." त्यानं गैरसमज वाढत असे.

सर धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकवत आणि आमच्या शेजारी राहत. तेर गावच्या उत्खननात निघालेल्या प्राचीन वस्तीतल्या घरांची जोती मोजून, त्या काळी श्रीमंत आणि गरीब यांच्यात किती अंतर होतं, हे ते शोधत. सोनं-नाणं का मोजत नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "सोनं माणूस घिऊन जातो. भुई मागं राहती." मी हिशेबातला माणूस; मला ते पटलं.

त्यांच्या मुलीचं, वैशालीचं, ढोकीच्या एका ऊस बागायतदाराच्या घरी जमत आलं होतं. मुलगा तिनंच पसंत केलेला. बोलणी पक्की करायला सरांनी मलाही नेलं. निघताना वैशालीनं मला बाजूला घेतलं. "काका, पप्पांना तिथं उठू देऊ नका." मी हो म्हणालो.

पोहे आले. मी बशी घेतली तेवढ्यात सर उठले. बैठक मोजली, पडवी मोजली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. मुलाचे वडील तात्या मागोमाग गेले.

"सर, जमीन किती हाय ते इचारा की. घर काय मोजायलाव?"

सर टेप गुंडाळत बाहेर आले. "तात्या, बैठकीत सगळी भावकी बसंल. चुलीपशी तिसरी बाई आली तर पहिलीला भाईर यावं लागतंय. मी जन्मभर घराघरांतला फरक मोजला. घरातल्या घरात किती हाय, ते मोजायचं राहूनच गेलं."

सोयरीक मोडली असं धरून मी पोहे संपवले. मग आतून, बाहेर न येताच, मुलाची आई म्हणाली, "पाव्हणं बराबर बोलायलेत. हितं खिडकी बी न्हाय."

लग्न पुढं ढकललं गेलं, पण स्वयंपाकघराची भिंत बैठकीत सरकवण्यापुरतंच. खिडकीही झाली.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. वैशालीनं त्यांची टेप मला आणून दिली. घरी कुणी नाही असं समजून मी आमचा हॉल मोजला, आकडा मनात ठेवला आणि टेप गुंडाळू लागलो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आतलं बी मोजा की," ती म्हणाली.