जो आधी ऐकेल त्याला

देवाशी खासगीत बोलायचं आणि ते अख्ख्या गल्लीला स्वच्छ ऐकू जाईल अशा बेताने बोलायचं, ही विद्या आमच्या शेजारच्या पास्टरांइतकी आणखी कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. नेरूळमध्ये आमच्या रो-हाऊसला खेटून असलेल्या घरात ते आणि त्यांची बायको मिळून अनाथ, निराधार मुलींचा सांभाळ करतात. मूळचे जालन्याकडचे, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की चर्चमध्ये माइकची गरज पडू नये. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. अलीकडे मी, माझा कढीपत्ता आणि माझा गणपती. पलीकडे वीसेक मुली आणि पास्टरांचा येशू. इतक्या वर्षांत या दोन देवांचं कधी वाजलं नाही. वाजलं असतं तर पास्टरांपुढे आमच्या गणपतीला बाजू मांडायला सवडच मिळाली नसती.

माणसाकडे काही मागायचं नाही, जे मागायचं ते देवाकडे, असा त्यांचा नेम आहे. ऐकायला हा नेम फार थोर वाटतो. अनुभव मात्र असा की सकाळी मी झाडांना पाणी घालत असते, आणि पलीकडून आवाज येतो, "हे दयाळू पित्या, शेजारच्या ताईंच्या कढीपत्त्याला तू यंदा किती पालवी दिलीस, त्याबद्दल तुझे आभार मानतो." पुढे मागणी अशी काही नाहीच. नुसते आभार. पण मग मी मुकाट्याने कात्री आणते, दोन डहाळ्या कापते आणि भिंतीवर ठेवते. पास्टर डोळे उघडतात, डहाळ्या पाहतात आणि चेहऱ्यावर असं काही आश्चर्य आणतात की जणू त्या आकाशातूनच पडल्या. मी एकदा म्हटलं, पास्टर, सरळ माझ्याकडे मागा की. तर म्हणाले, "नको, ताई. माणसाकडं मागितलं की त्याला नाही म्हणायचं अवघड होऊन बसतं. देवाचं बरंय, तो आमच्या भिडेला पडत नाही."

त्यांचे घरमालक खाडीकाठच्या जुन्या गावातले. एके काळी भातशेती होती, आता तीन इमारती आहेत. सगळे त्यांना शेठ म्हणतात. गच्चीवरची टाकी गळायला लागली तेव्हा पास्टरांनी शेठना फोन केला नाही. मुलींनी केलेला पोह्यांचा नाश्ता खायला मात्र बोलावलं. खाण्याआधी प्रार्थना आलीच. तिच्यात पोह्यांबद्दल आभार मानून झाले, शेठच्या गुडघ्यांसाठी आरोग्य मागून झालं, आणि मग टाकी कोणत्या कोपऱ्यातून गळते, खालच्या खोलीत ओल कुठवर आली आहे, कुठल्या मुलीचं अंथरूण रोज सरकवावं लागतं, हे सगळं देवाला सविस्तर कळवण्यात आलं. शेठ हात जोडून बसले होते. एक डोळा उघडून ते म्हणाले, "पास्टर, तुमी ह्ये देवाला सांगताव का मना?" पास्टरांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "जो आधी ऐकेल त्याला." संध्याकाळी प्लंबर आला.

वाढदिवस साजरे करायला येणाऱ्या मंडळींचीही त्यांनी अशीच गंमत केलेली आहे. खारघर, सीवूड्सकडची कुटुंबं आपल्या मुलाचा वाढदिवस इथे येऊन करतात आणि हौसेने केक आणतात. कधी कधी एकाच आठवड्यात पाच-पाच केक येतात. एकदा असेच एक साहेब सहकुटुंब आले, मोठा केक मधोमध ठेवला, आणि पास्टरांनी देवाचे मनापासून आभार मानले. मग आवाज न बदलता ते म्हणाले की, पित्या, केकच्या बाबतीत तू आमच्यावर कृपेचा वर्षावच केला आहेस, पण शनिवारपासून तिघींची पोटं बिघडली आहेत हे तुझ्यापासून लपलेलं नाही; शिवाय मोठ्या मुलींना फळ्यावरचं दिसत नाही, आणि डोळे तपासणारी माणसंही तूच निर्माण केली आहेस. साहेब वाशीला चष्म्याचं दुकान चालवत होते. पास्टरांना ते आधीपासून ठाऊक होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. पुढच्याच रविवारी साहेब तपासणीची पेटी घेऊन हजर झाले. हा माणूस लबाड आहे की भोळा, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी कधी इकडे असते, कधी तिकडे.

पण सोनीच्या बाबतीत मात्र पास्टर पुरते अडचणीत आले.

सोनी चार वर्षांची असताना त्यांच्याकडे आली. बांधकामावर काम करणारी तिची आई आजारपणात गेली, आणि गाव कुठलं ते कुणालाच सांगता येईना. पोरीला एवढंच आठवत होतं की मामा मशीनवर कपडे शिवतो. रोज संध्याकाळी पास्टर एकेका मुलीचं नाव घेऊन प्रार्थना करत, आणि सोनीची पाळी आली की म्हणत, "हिच्या माणसांपर्यंत हिला पोचव." चार वर्षं मी भिंतीअलीकडून हे ऐकलं. त्या चार वर्षांत सोनी त्यांच्या खांद्यावर बसून भाजीला जाऊ लागली, जेवताना त्यांच्याच ताटात हात घालू लागली, आणि त्यांच्या प्रवचनात पहिल्या बाकावर बसून झोपू लागली. मागणं मात्र तेच राहिलं.

एके दिवशी पास्टर भिंतीपाशी आले आणि त्यांनी मला थेट सांगितलं, "ताई, सोनीचा मामा सापडला." बाल कल्याण समितीच्या माणसांनी शोध लावला होता. मामा परभणीकडच्या एका गावात शिंपीकाम करत होता आणि तोही बहिणीला शोधून थकला होता. समितीने सगळी चौकशी केली, तरी पास्टरांचं समाधान होईना. ते स्वतः बसने गावी गेले. परत आले ते पडलेला चेहरा घेऊनच. मी घाबरून विचारलं, घर वाईट आहे का? म्हणाले, "कसलं वाईट? घर चांगलं. मामी मायाळू. शाळा जवळ, दारात शेळी. नाव ठेवायला जागाच नाही, ताई. काय करावं?"

मामा तिला न्यायला आला तेव्हा पास्टरांच्या बायकोने मलाही बोलावलं. हडकुळा, अबोल माणूस. त्याने सोनीसाठी फ्रॉक शिवून आणला होता. पास्टरांनी तो हातात घेतला, उलटा केला, शिवण तपासली. खालच्या बाजूला चार बोटं कापड आत दुमडलेलं होतं. "वाढत्या अंगाचं माप धरलंय," मामा म्हणाला. पास्टरांनी फ्रॉक परत दिला आणि सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं.

ती प्रार्थना मी जन्मात विसरणार नाही. पित्या, ही डावखुरी आहे, डाव्या हाताने जेवते म्हणून हिला कुणी रागावू नये. हिला अंधारात झोप लागत नाही. रुसली की कपाटामागे जाऊन बसते. ओढून काढायचं नाही, शेजारी जाऊन बसायचं, थोड्या वेळाने आपणच बाहेर येते. भेंडी खात नाही. मी प्रयत्न करून थकलो, आता दुसऱ्या कुणी करू नये. ताप आला की आधी हिचे कान तपासावेत. पास्टर थांबले की मामा हात जोडून हळूच म्हणायचा, "व्हय." सांगण्यासारखं संपत आलं आणि पास्टरांचा आवाज अडखळला, तेव्हा मामा म्हणाला, "अजून सांगा."

पास्टरांनी अजून सांगितलं. मग तेही संपलं. आता आमेन म्हटलं की निघायचं, हे तिथल्या प्रत्येक मुलीला कळत होतं, त्यामुळे कुणीच म्हणेना. पास्टरही म्हणेनात. मी तर रडतच होते. शेवटी सोनीनेच मोठ्याने "आमेन" म्हटलं. तिला बसमध्ये खिडकीजवळची जागा हवी होती.

संध्याकाळी पास्टर भिंतीपाशी येऊन उभे राहिले. "हसत गेली," म्हणाले. मी म्हटलं, चार वर्षं हेच तर मागत होतात.

"मागत होतो," ते म्हणाले. "पण तो इतकं नीट ऐकत असेल असं वाटलं नव्हतं."

मला त्या माणसाबद्दल फार माया दाटून आली. मी नुसतंच म्हटलं, चहा टाकते, या. एरवी चहाच्या आधीही ज्यांना देवाशी दोन शब्द बोलावे लागतात, ते पास्टर त्या दिवशी आले, गुपचूप बसले आणि चहा पिऊन गेले.