काकूंच्या जमिनीतली रानडुकरं

रानडुकरांनी दादाचा भुईमूग उकरून टाकला, तेव्हा मी दुबईत रास अल खोरच्या गोदामात कंटेनर उतरवून घेत होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोकणातली आमची शेती तोच बघतो.

"वनखात्याची परवानगी मिळालीय," तो फोनवर म्हणाला. "परवाना असलेला बंदूकवालाही तयार आहे. पण डुकरं दिवसभर शेजारच्या रान माजलेल्या जमिनीत लपतात आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय तो तिथे पाय ठेवत नाही."

"मग मालकाला विचार."

"तो कधीच वारला. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. मुलगी दुबईला असते म्हणतात. बघ जरा."

"दादा, दुबई म्हणजे आपली वाडी नव्हे!"

"विचारायला काय जातं?"

मी हसून विषय सोडून दिला. बायकोने मात्र सोडला नाही. तिने मराठी बायकांच्या ग्रुपवर आमच्या गावाचं आणि त्या मालकाचं नाव टाकलं. दहा मिनिटांत एक व्हॉइस मेसेज आला: "अहो, ते माझे वडील!" आवाज ओळखीचा होता. चार वर्षं आम्ही गणपतीला ज्यांच्याकडून मोदक मागवत होतो, त्या अल कुसैसच्या काकू!

शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या घराच्या आणि एक पूर्ण स्वयंपाकाच्या ऑर्डरींची. हात पुसत काकू बाहेर आल्या. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा जरा ताठ झाला.

"म्हणजे माझ्या जमिनीत तुमची माणसं बंदूक घेऊन शिरणार. उद्या कुंपणही घालतील."

मला राग आला, पण त्यांचंही खरं होतं. वीस वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. "काकू, तुम्ही स्वतःच बघा," म्हणत मी दादाला व्हिडिओ कॉल लावला.

दादा कोयत्याने झुडपं तोडत आत शिरला. चिखलात डुकरांनी लोळून केलेले खड्डे दिसले, उकरलेली मुळं दिसली. मग एकदम विहीर दिसली.

"थांबा, थांबा!" काकू ओरडल्या. "माझ्या अप्पांची विहीर! पाणी आहे?"

"काठोकाठ आहे, ताई," दादा म्हणाला.

तेवढ्यात मागून खसफस झाली आणि एक मादी पाच-सहा पिल्लं घेऊन झाडीतून सुसाट बाहेर आली. फोन उलटा झाला. आम्हाला आधी आकाश दिसलं, मग फणसाची फांदी, मग दादाच्या चपलेचा तळ. साठीचा माझा भाऊ झाडावर चढला होता!

"ममा, इज अंकल ओके?" आतून धावत आलेल्या काकूंच्या मुलीने विचारलं. पोट धरून हसता हसता काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"त्याच फणसावर मीही चढायचे," शेवटी त्या म्हणाल्या. मग मुलीला कागद आणायला लावला आणि संमती स्वतःच्या हाताने लिहिली. अटी दोनच होत्या. आधी झाडी साफ करायची आणि पिल्लांच्या आईवर गोळी झाडायची नाही.

"खलास, झालं काम!" सही करून त्या म्हणाल्या. "आता घावणे खाऊन जायचं."

दादाने आठवड्यात रान साफ करून घेतलं. लपायला जागाच उरली नाही, तेव्हा कळप पिल्लांसकट डोंगराकडे निघून गेला. एक दांडगा नर तेवढा पुन्हा पुन्हा शेतात येत राहिला. बंदूकवाल्याने त्याला एका गोळीत पाडला आणि वनखात्याची माणसं पंचनामा करून त्याला घेऊन गेली. उरलेला भुईमूग वाचला.

मे महिन्यात काकू मुलीला घेऊन गावी गेल्या आणि पंधरा दिवस आमच्याच घरी राहिल्या. आता त्या जमिनीत दादाने त्यांच्यासाठी काजूची कलमं लावलीत. पालवी फुटली की दादा फोटो आधी अल कुसैसला पाठवतो. आम्हाला ते काकूंकडून कळतं.