रिकाम्या गाडीचं गाणं

शिरपूरहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं आमच्या फाट्यावर निरोप ठेवला, अक्का गेली... हातातली पापडाची लाटी तशीच राहिली. मी रडले, पण मध्येच हसूही आलं. अक्काला मोटारीचा भारी राग, आणि तिचा निरोप मात्र मोटारीनं आला!

अक्का माझी आत्या, माझ्या माहेरीच राहणारी. गळा असा, की तापीकाठच्या बायका लग्नात गाण्यासाठी तिला मुद्दाम बोलावत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर एक जुनं गाणं म्हणतात. भाऊ बहिणीला न्यायला गाडी जुंपून येतो, सासू धाडत नाही आणि गाडी रिकामी परत जाते. बायका ते घसा फोडून म्हणत, त्यातलं सासूचं कडवं तर दात-ओठ खाऊन. माझ्या सासूबाईंनाही ते शेवटपर्यंत पाठ होतं, आणि त्यांचा आवाज पार मारुतीच्या देवळापर्यंत जाई.

माझ्या लग्नानंतरची पहिली आखाजी आली. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती, पण सुनांपर्यंत ते पोचलं नव्हतं. लग्नातल्या मानपानावरून सासूबाई रुसलेल्या, त्यांनी मला माहेरी धाडायला साफ नकार दिला. मला भाऊ नाही. मी चुलीपाशी तोंड लपवून बसले होते, तेवढ्यात दारात घुंगरं वाजली आणि गाडीतून अक्का उतरली. माहेरवाशिणीला न्यायला येणारा मुराळी म्हणजे पुरुषमाणूस. बाई मुराळी गावानं पाहिलीच नव्हती.

"मोटर व्हती ना, अक्का?" सासरे हसून म्हणाले.

"गाणामा गाडी शे, मोटर नही!"

सासूबाईंनी चहा दिला, पण त्यांचं "नही" काही हललं नाही. अक्कानं वाद घातला नाही. ओट्यावर बसून तिनं तेच गाणं काढलं, अगदी हळू, मूल निजवावं तसं... सासूचं कडवं जवळ आलं तशी मी घाबरले. पण अक्काच्या गाण्यातली सासू ओरडलीच नाही. दमलेली बाई बोलावी तशी बोलली, जिला न्यायला कधी कुणाची गाडी आली नव्हती अशी. शब्द तेच होते. सासूबाईंचा चहा गार झाला. गाडी रिकामी परतते त्या कडव्याआधी अक्का थांबली.

"पुढलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढलं माले येत नही."

सासूबाई पदरानं नाक पुसत माझ्याकडे वळल्या. "जाय माय, लुगडं बदल. गाडी उभी शे."

त्यानंतर दर आखाजीला अक्काची गाडी आली. आता अक्का नाही, यंदा न्यायला कोण येणार, असं धरून मी घरकामाला लागले होते, तर दारात पुन्हा घुंगरं. आमचीच गाडी, आणि तीत नवं लुगडं नेसून बसलेल्या सासूबाई!

"चाल, यंदा मी मुराळी शे."

दुःखाचं वर्ष, तरी माहेरच्या निंबावर अक्काचा झोका त्यांनीच बांधायला लावला. माझ्या लेकीला मांडीवर घेऊन त्या झोक्यावर बसल्या आणि तेच गाणं म्हणाल्या, हळू... त्या आवाजाला हळू जमतं, हे मला तेव्हा कळलं. रिकाम्या गाडीच्या कडव्याआधी त्या थांबल्या.

"मंग पुढे, आजी?" लेकीनं विचारलं.

सासूबाईंनी पायानं झोक्याला रेटा दिला.

"पुढलं माले येत नही."